१०७७ वर फोन उचलणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. दोन वेळा बोलणं झालं, दोन्ही वेळा विचारायचं राहिलं. तिसऱ्यांदा तुम्हीच फोन केलात, तेव्हा मला रडू आवरेना म्हणून राहिलं. यंदा दिवाळीच्या आधी म्हैस व्यायली आणि खरवसाचा डबा घेऊन मी १०७७ चा फोन जिथं वाजतो त्या कोल्हापूरच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षात आले होते. ड्युटीवर दोघं जण होते. म्हणाले, "मावशी, एकवीस सालच्या पुरात इथं पाळीपाळीनं बरीच माणसं बसत होती. तुम्ही म्हणताय त्या नेमक्या कोण, कसं सांगणार?" डबा त्यांनाच दिला. पुराच्या रात्री त्यांनीही जागून काढल्यात, त्यामुळं तो वाया गेला असं मला वाटत नाही. पण तुमचं देणं तसंच राहिलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पंचगंगेच्या काठचं गाव, चार जनावरं, आणि "नंबर लागतो का बघायला फोन केला" म्हणणारी बाई. ती मी.

आधी २०१९ चं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

आमच्या गावात तोवर पुराचं माप म्हणजे २००५. आमचे मामा, म्हणजे सासरे, सोप्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर बोट ठेवून सांगायचे, "पाच साली हितंवर आलं होतं. ह्याच्या वर पाणी येत नाही." त्या बोटावर आम्ही चौदा वर्षं भरवसा ठेवला. फोनवर जिल्ह्याचे मेसेज येत होते, नाही असं नाही. 'पंचगंगा, राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.' वाचायचं आणि फोन खाली ठेवायचा. ४३ तर दर दोन-तीन वर्षांनी होतंच, आणि आमच्या दारात काही येत नाही. धोका आहे तो शहराला असेल, खालच्या गावांना असेल, असंच वाटायचं. बंधारा कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आणि आम्ही नदीच्या वरच्या अंगाला. त्या फुटांचा आमच्या घराशी काय संबंध, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये पाणी रात्री गोठ्यात आलं. विळ्यानं दावी कापली. म्हशी पोहतात, त्यांचं त्या बघतील, एवढंच मनात. आम्ही माडीवर गेलो. मामांचं बोट जिथं असायचं ती जागा पाण्याखाली गेली, पाणी चढतच राहिलं आणि शेवटी सोप्याच्या दाराची वरची चौकटसुद्धा दिसेना. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच झालं होतं. दोन दिवस माडीवर काढले. बोट आली, माणसं काढली. बोटीत जनावर घेता येत नाही, ते बरोबरच आहे. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, सांगलीकडं ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. पाणी चढल्यावर बोटीत बसायचं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी बघितलंय. माझ्या मांडीवर चार वर्षांचा पोर होता आणि बोटीच्या काठाला विजेची तार घासत होती.

तीन जनावरं नंतर उसाच्या फडाच्या कडेला सापडली. त्यातली एक आमच्या चंद्री म्हशीची वर्षाची रेडी. चंद्री सापडली नाही. मामांनी त्यानंतर भिंतीवर कधी बोट ठेवलं नाही. मी चौदा वर्षं चंद्रीच्या आईपासून त्या दाव्याला गाठ मारत आले होते, त्यामुळं ते दावं कापताना हाताला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

आता २०२१ चा जून. ग्रामपंचायतीच्या फलकावर नवा रंग देऊन '१०७७' लिहिलं होतं. संध्याकाळी धारा काढून झाल्या आणि सहज लावला. तुम्ही उचललात. मी घाबरून म्हटलं, "काही नाही ओ, नंबर लागतो का बघत होते." कुणीही म्हटलं असतं, बाई, हा आपत्तीचा नंबर आहे, ठेवा फोन. तुम्ही म्हणालात, "बरं केलंत. पावसाळ्याआधी बघितलेलंच बरं. कुठलं गाव?" गाव सांगितलं. मग तुम्ही जो प्रश्न विचारलात, तो मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट असतं?"

मला उत्तर देता येईना. तुम्ही म्हणालात, "मग तेवढं शोधून काढा. आमचा आकडा बंधाऱ्याचा असतो. तो तुमच्या दाराचा करून घेतल्याशिवाय तुमच्या उपयोगाचा नाही. एकोणीस सालचे फोटो असतील ना कुणाकडं? फोटोवर वेळ असते. त्या वेळेचा आमचा मेसेज काढा आणि जुळवा."

आम्ही दोन रात्री बसून जुळवलं, ताई. ह्यांच्या फोनमध्ये गोठ्यात पाणी शिरतानाचा फोटो होता. दिरांच्या पोरानं उंबऱ्याला पाणी लागताना व्हिडिओ काढला होता. गावाच्या ग्रुपवर जुने मेसेज सापडले. गोठा ४६ फूट. उंबरा ४८ फूट ३ इंच. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा लाल डबा आणून दाराच्या चौकटीवर आणि गोठ्याच्या खांबावर पट्ट्या ओढल्या. इंच-दोन इंच इकडंतिकडं होतं हे आम्हाला कळतं. पण 'धोका पातळी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात आला. बघता बघता गल्लीतल्या अकरा घरांनी पट्ट्या ओढल्या. कुणाची ४५ ला, कुणाची ५० ला. शाळेच्या पायरीची पण काढली.

मेसेजमध्ये अजून काय काय असतं तेही त्यानंतर कळायला लागलं. पाण्याखाली गेलेले बंधारे असतात ना, शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पंचगंगेला वरून मिळणाऱ्या भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. पूर्वी ही नावं नुसती वरवर वाचायचे. आता भोगावतीवरचे बुडाले म्हटलं की वरून काय येतंय ते समजतं. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला की गावात एकच गलका व्हायचा. आता माझा थोरला मुलगा हिशेब सांगतो. स्वयंचलित दरवाजे सात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, त्यात वीजगृहाचं धरलं तर सगळं मिळून दिवसाला जेमतेम एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरण भरलं की ते दरवाजे आपोआप उघडतात, कुणी मुद्दाम पाणी सोडलं असं नसतं. आकडा समजला की भीती जात नाही, पण काय करायचं ते सुचतं.

२२ जुलैचा गुरुवार. पाऊस असा की अंगणातलं समोरचं झाड दिसेना. दुपारी मी दुसऱ्यांदा फोन केला. खरं सांगायचं तर गावात धरण फुटल्याची आवई उठली होती आणि बायका पोरं घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, "धरणाला काहीही झालेलं नाही. पाणलोटात पाऊस मोठा आहे, त्यानं नदी चढतेय. हे तुम्ही माझ्या नावावर गावात सांगा." नाव तर मी विचारलंच नव्हतं. 'कंट्रोल रूमच्या बाईंनी सांगितलंय' म्हणून सांगितलं आणि तेवढ्यानंही माणसं ऐकली.

मी म्हटलं, "अजून आमच्या पट्टीला लई अवकाश आहे." तुम्ही म्हणालात, "नुसता आकडा बघू नका. दोन तासांत किती चढलं ते बघा. ह्या वेगानं तुमची पट्टी रात्री येईल आणि रात्री तुम्ही जनावरं कशी हलवणार? कुठं जाणार आहात?" मी म्हटलं, पन्हाळ्याच्या पायथ्याला, माहेरी. "मग केर्लीजवळ रस्त्यावर पाणी यायच्या आत पलीकडं जा. अंधाराची वाट बघू नका. टेम्पो मिळेना तर परत फोन करा, तलाठ्यांना सांगते."

टेम्पो मिळाला. दोन खेपा झाल्या. आधी जनावरं आणि वैरण, मग मामा, आत्ती आणि पोरं. निघताना मेन स्विच काढला, सिलिंडर बंद करून माडीवर बांधला. सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुकं, मामांची बीपीची औषधं आणि म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहिलेला कागद दुधाच्या मोठ्या किटलीत घालून झाकण घट्ट लावलं. किटलीची युक्ती माझी आहे, पण यादी तुम्ही जूनमध्ये सांगितलेली. केर्लीपाशी पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणी लागलेलं होतं.

त्या खेपेला पंचगंगा ५६ फूट ३ इंचांवर गेली. एकोणीस सालापेक्षा आठ इंच जास्त. आमच्या घराची मागची भिंत पडली, माडीतलं धान्य भिजलं. माणूस आणि जनावर मात्र एकही गेलं नाही. गल्लीतल्या अकराही घरांतून कुणाला बोटीनं काढावं लागलं नाही. एकोणीसला ह्याच अकरा घरांसाठी बोटीच्या किती फेऱ्या झाल्या होत्या, ते आम्ही मोजलेलं आहे. त्या वाचलेल्या फेऱ्या कुणाच्या तरी गावाला मिळाल्या असतील.

आणि शनिवारी सकाळी तुमचा फोन. पाण्यानं जिल्हा बुडालेला, तुमच्याकडं किती फोन येत असतील, त्यातून तुम्ही आमचा नंबर शोधून विचारलंत, "पोचलात का? म्हशी पोचल्या का?" माणसांच्या पाठोपाठ म्हशींचं विचारलंत, म्हणून मला रडू आलं. शेतकऱ्याच्या घरात दोन्ही एकच असतं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. फोन ठेवता ठेवता तुम्ही एवढंच म्हणालात की परत गेल्यावर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो झाडायच्या आधी काढा, पंचनाम्याला लागतो. पाणी उकळून प्या. अडगळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवा, साप असतात. अडगळीत खरोखरच साप निघाला, धान्याच्या कणगीमागं. काठीनं हलवलं म्हणून दिसला.

२०२४ च्या जुलैत पाणी ४७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही दोन दिवस आधीच जनावरं हलवली होती. गोठ्यात गुडघ्याखाली पाणी आलं, उंबरा कोरडा राहिला. पट्टीनं सांगितलं तसंच. मामा आता थकलेत. दारात खुर्ची टाकून बसले होते आणि लाल पट्टीकडं बघून म्हणाले, "हे खरं माप." त्यांच्या तोंडून हे येणं म्हणजे काय, ते आमच्या घरातल्यांनाच ठाऊक.

दिरांचा तो व्हिडिओवाला पोरगा आपदा मित्राचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी स्वयंसेवकाचं, प्रशिक्षण घेऊन आला. लाइफ जॅकेट, दोर, प्रथमोपचाराची पेटी त्याच्या खोलीत खुंटीला असते. सगळ्यांच्या फोनवर त्यानंच आपत्तीच्या इशाऱ्यांचं 'सचेत' ॲप आणि विजेसाठी 'दामिनी' घालून दिलं, सचेत मराठीत लावून दिलं. पाच-सहा बायकांना १०७७ लावून बोलायला लावलं, म्हणजे वेळेला जीभ अडखळायला नको. त्या दिवशी तुमच्याकडं किंवा तुमच्या जागेवरच्या कुणाकडं हे फोन आले असतील, तर त्रास झाला असल्यास माफी असावी. सगळ्यांशी नीट बोललात, असं त्या सांगतात.

तुमच्याबरोबर अजून एका माणसाचे आभार मानायचे आहेत. भर पावसात राजाराम बंधाऱ्यावर जाऊन पट्टी वाचणारा जो कोणी असेल, त्याचे. आम्ही त्याला बघितलेलं नाही. पण रात्री तीनच्या मेसेजमध्ये फुटाच्या पुढं इंच लिहिलेले असतात, तेव्हा त्या वेळी कुणीतरी तिथं जागं आहे, हे आम्हाला इथं कळतं.

यंदा व्यायली ती चंद्रीची रेडी. तुम्ही 'पोचली का' म्हणून विचारलंत त्यातली ती एक. खरवस तुमच्या तोंडी लागला नाही याची रुखरुख आहे. पत्र वाचलंत तर ग्रामपंचायतीत निरोप ठेवा आणि आपला स्वतःचा नंबर द्या. पुढच्या वेताला त्याच्यावर फोन करीन. १०७७ वर करणार नाही, तो मोकळा राहू दे.

तुमची,
लाल पट्टीच्या घरातली