रात्री दहानंतर मीटर कशाला हवा?

संपादक महोदय,

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल. आम्ही गोव्यातल्या बार्देश तालुक्यात राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असाच प्रकार आता किनाऱ्याजवळच्या कितीतरी गावांत चालतो आणि मला कुणा एकाशी वैर घ्यायचं नाही. आमच्या वाड्याला, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीला, लागून दोन वर्षांपूर्वी लग्नकार्यासाठी म्हणून एक हॉल उभा राहिला, वर पत्रे, खाली लादी, एका बाजूला भिंत आणि तीन बाजू उघड्या. त्या रात्री सव्वाअकराला माझी आई, वय 83, खाटेवर उठून बसली आणि विचारायला लागली, "अरे, भूकंप बिकंप होतोय काय?" मांडणीवरचे पितळेचे डबे एकमेकांवर वाजत होते, एक फुलपात्र सरकत सरकत फळीच्या कडेला आलं होतं ते मी हाताने मागे ढकललं. गाणं कुठलं चाललंय ते काही कळत नव्हतं, एक शब्द ऐकू येत नव्हता, नुसतं धड धड धड, भिंतीत, खाटेच्या पायात, छातीत. आईचा हात मी धरून बसलो होतो, तो थंड पडला होता.

मी पहिला फोन पंचाला केला. झोपेतून उठून बोलला बिचारा, म्हणाला पंचायत फक्त ना हरकत दाखला देते, स्पीकरची परवानगी उपजिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते, तेव्हा आमच्या हातात काही नाही. मग 112 ला लावला. बारा वाजून पाच मिनिटांनी दोघेजण जीप घेऊन आले, बोलले पण चांगले, उर्मटपणा अजिबात नाही, पण म्हणाले काका आमच्याकडे मीटर नाही, किती डेसिबल आहे ते आम्ही कसं ठरवणार, तुम्ही सोमवारी लेखी द्या. तरी आत जाऊन सांगून आले, आवाज उतरला, जीप वळणावरून दिसेनाशी झाली आणि पाचच मिनिटांत परत डबे वाजायला लागले. संपलं ते दोन वाजून दहा मिनिटांनी. सोमवारी मी लेखी दिलं त्याची पोच माझ्याकडे आहे, पुढे काही झालेलं नाही.

त्यानंतर मी नियम काढून वाचायला बसलो. मी काही वकील नाही, पण चाळीस वर्षं ऑफिसात फायलीच हाताळल्यात, कागद वाचता येतो. आणि वाचल्यावर मला खरोखर धक्का बसला, कारण मीटर नाही म्हणून काही करता येत नाही हे जे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना, ते रात्रीच्या बाबतीत मुळातच चुकीचं आहे.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले, केंद्राचे आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, म्हणजे आपल्या गोव्यालाही जसेच्या तसे लागू. त्यात दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे 50 आणि 40. हे आकडे सगळ्यांना थोडेफार माहीत असतात, पेपरात येतात. पण पाचवा नियम कुणी वाचत नाही. त्यात सरळ लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय लाऊडस्पीकर लावायचाच नाही, आणि रात्री 10 नंतर तर बंदिस्त जागा सोडून कुठेही लावायचा नाही, स्पीकरच कशाला, वाजवायचं वाद्यसुद्धा नाही. किती डेसिबल हा प्रश्नच तिथे येत नाही! उघड्यावर वाजतोय आणि घड्याळात दहा वाजून गेलेत, एवढ्यात नियम मोडला. त्याला मीटर नको, घड्याळ पुरे. तक्रारीच्या नियमातही तसंच आहे, मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त असेल तर तक्रार करता येते, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर करता येते, हे "किंवा" फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

आता सवलत आहे, नाही असं नाही. सणासुदीला, सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमाला राज्य सरकार रात्री 10 ते 12 परवानगी देऊ शकतं, पण वर्षातून सगळे मिळून 15 दिवस, त्यापेक्षा नाही, आणि ते दिवस कुठले ते आधीच जाहीर करायचे. या सवलतीवरही सुप्रीम कोर्टात भांडण झालं आणि 2005 मध्ये कोर्टाने ती मान्य केली, मर्यादेत राहून. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बारा वाजल्यानंतर उघड्यावर स्पीकर वाजवायची परवानगी देण्याचा अधिकार वर्षाच्या 365 दिवसांत कुणालाच नाही, पंचायतीला नाही, उपजिल्हाधिकाऱ्यांना नाही, मंत्र्यांना नाही. मग त्या शनिवारी दोन वाजेपर्यंत कुठला कागद चालत होता? परवानगी होती की नाही हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

हॉलवाल्यांचं म्हणणं असतं आमची जागा बंदिस्त आहे. पत्र्याखाली तीन बाजू मोकळ्या असलेली जागा बंदिस्त कशी? नियमात बंदिस्त जागेची उदाहरणं दिलीत, सभागृह, कॉन्फरन्स रूम, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल, आणि आवाज आतल्या माणसांपुरता असावा असं त्यात आहे. आतला आवाज माझ्या आईच्या खाटेपर्यंत पोचत असेल तर ती जागा बंदिस्त नाही, साधी गोष्ट आहे. तरीपण समजा मानली बंदिस्त, तरी खाजगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलच्या वर जाता येत नाही, म्हणजे वस्तीत रात्री 50. आपण शेजारी बसून साधं बोलतो तेच 60 च्या आसपास असतं.

इथे मात्र मीटरची अडचण खरी आहे आणि ती मला माझ्या भाच्याने समजावली, तो स्वतः साऊंडचं काम करतो, लग्नाला, जत्रेला सेट लावतो. तो म्हणाला मामा, मीटर आणला तरी तुमच्या डब्यांचं उत्तर मिळणार नाही. कारण नियमातलं माप आहे ते ए पट्टीवरचं, माणसाच्या कानासारखं ऐकणारं, आणि आपला कान खर्ज कमी ऐकतो म्हणून ही पट्टी खर्जाचा आवाज कापून मोजते, 63 हर्ट्झला जवळजवळ 26 डेसिबल कमी धरते. आणि हे जे सब असतात ना, खर्जाचे स्पीकर, मोठे काळे खोके जमिनीवर ठेवलेले, त्यांचं सगळं काम तिथेच. वरचा आवाज झाडापेडांत, भिंतीत अडतो, खर्ज अडत नाही, तो मातीच्या भिंतीतून आणि कौलांच्या छपरातून आरपार येतो. म्हणजे मीटरवर आकडा माफक दिसेल आणि घरात फुलपात्र चालत असेल, दोन्ही एकाच वेळी खरं. तो म्हणाला उपाय साधा आहे, दहाच्या आधीसुद्धा वस्तीजवळ सब लावायचेच नाहीत किंवा कमी लावायचे, बाकीचे स्पीकर लोकांकडे तोंड करून, आणि अँपला लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक मर्यादेवर अडवणारं यंत्र, बसवून तो सील करायचा. तो हे स्वतःच्या धंद्याच्या विरोधात बोलत नाही, त्याला पण रात्री दोनला पोलिसांशी हुज्जत घालायची नसते, गिऱ्हाईक "अजून वाढव, अजून वाढव" करतं आणि मधे तो सापडतो. परवानगीच्या कागदावर सबची संख्या लिहिली असेल तर तो गिऱ्हाईकाला कागद दाखवू शकतो, एवढंच त्याला पाहिजे.

आमच्या वाड्यावर पोदेर आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोदेर म्हणजे भट्टीवर पाव भाजून सायकलवरून दारोदार देणारा. पहाटे पों पों हॉर्न वाजला की आमच्याकडे दिवस सुरू. हा माणूस रात्री आठला झोपतो आणि दोनला उठून पीठ मळायला घेतो. त्या शनिवारी त्याला झोपच मिळाली नाही. रविवारी सकाळी उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, उशिरा आले आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, भट्टीच्या तोंडाशी तोल गेला म्हणाला. मी विचारलं तक्रारीत लिहू का, तर म्हणाला नको, त्याच हॉलला मी पाव देतो. अशी माणसं किती असतील ज्यांना बोलता येत नाही? दहाचा नियम निदान बाकीच्यांसाठी तरी पाळा, पोदेराची झोप तर त्याच्याही आधीची आहे, त्याच्यासाठी दिवसाचा 55 चा आकडा आहे, तो कोण बघतो?

आता एक मुद्दा असा की ज्यावर माझे स्वतःचे मित्र माझ्यावर रागावलेत. ते म्हणतात तू दहाचा नियम लावून धरलास तर जत्रेतलं नाटक बंद पडेल. हा प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत दशावतार पालखी फिरल्यावर मध्यरात्रीला उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो, देवळाच्या आवारात मराठी संगीत नाटकं तशीच होतात, मी स्वतः तरुणपणी जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावलाय, ते माझ्या रक्तात आहे. नियमात दशावतार आणि डीजे असा फरक केलेला नाही, हे मान्य करायलाच पाहिजे. पण म्हणूनच तर ते 15 दिवस इतके मोलाचे आहेत. ते कुठल्या कार्यक्रमाला द्यायचे हे ठरवताना गावच्या जत्रेला, शिगम्याला, चवथीला आधी धरा, कुणाच्या तिकीट लावलेल्या पार्टीला नको. आणि बारानंतर नाटक करायचं तर माईक आणि कर्णे लावू नका ना. आमच्या लहानपणी पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक व्हायचं, माईक नव्हता, पेटी, तबला, झांज आणि नटाचा गळा, शेवटच्या चटईवरच्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू यायचा. आता आंब्याच्या झाडावर चार दिशांना चार कर्णे बांधतात आणि दोन गावांपलीकडे राक्षसाचा आवाज जातो, जिथे कुणी नाटक बघत नसतं. नाटक लवकर सुरू करता येतं का, विनामाईक आणि वाद्यांचा नियम पाळून करता येतं का, यावर मंडळांनी आणि देवस्थानांनी बसून बोललं पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी कोर्टात जाईल आणि डीजेबरोबर दशावतारही त्यातच भरडला जाईल, याची मला जास्त भीती वाटते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे नरकासुराचे पुतळे उभे करतात, त्या रात्रीबद्दलही असंच. पोरं महिनाभर राबून नरकासुर करतात, कागद, गवत, बांबू, काय सुंदर हात चालतो त्यांचा! तो बघायला मीसुद्धा जातो. पण प्रत्येक नाक्यावर रात्रभर सबची चढाओढ लागते तिचा त्या नरकासुराशी काय संबंध?

मग करायचं काय, तर मला फार मोठं काही नको. हॉलला किंवा कार्यक्रमाला परवानगी दिली की तो कागद, वेळेसकट, स्पीकरच्या संख्येसकट, पंचायतीच्या फलकावर आणि हॉलच्या गेटवर लागला पाहिजे, मराठीत आणि कोंकणीत, खाली रात्री फोन उचलणाऱ्या अधिकाऱ्याचा नंबर. वर्षातले 15 दिवस कुठले ती यादी त्याच फलकावर. पंचायतीने ना हरकत देताना हॉल तीन बाजूंनी उघडा आहे की बंद हे प्रत्यक्ष जाऊन बघावं, नुसता कागद बघून सही करू नये, आणि दाखला नव्याने देताना मागच्या तक्रारी समोर ठेवाव्यात. पोलिसांना वरून स्पष्ट लेखी सूचना हवी की दहानंतर उघड्यावर असेल तर मीटरची वाट बघायची नाही, बंद करायचा, पुन्हा लावला तर सेट उचलायचा. त्या दोन पोलिसांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी हे सांगितलंच नसेल, पण सांगायला पाहिजे कुणीतरी.

18 जुलै 2005 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की बोलण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकायला लावता येत नाही, शांतपणे जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. याला वीस वर्षं होऊन गेली. माझी आई तेव्हा धडधाकट होती, शेतात जायची.

येत्या रविवारी आमच्याकडे ग्रामसभा आहे. वर लिहिलेल्या मागण्यांचा ठराव मी टाईप करून ठेवलाय, वाड्यावरच्या 23 घरांपैकी 19 घरांनी सह्या केल्यात, हॉलमालकाच्या सख्ख्या चुलतभावाने पण केली. पोदेराकडे मी गेलो नव्हतो, त्याची अडचण मला माहीत होती, पण काल संध्याकाळी तो स्वतः आला, हाताला अजून पट्टी होती, उजव्या हाताने सही केली आणि झोपायला गेला.

आपला,
बार्देशातील एक वाचक