सानिकाने ‘ओपन’मध्ये काय घ्यावं?

सातारा,
रविवार

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर चांगलाच तापला होतास. “पोरीला कॉम्प्युटर सायन्सला घातलीय आणि हे म्हणतात इतिहास घे, मराठी घे, नाहीतर कॉमर्सचं काहीतरी घे. हे काय झेंगट आहे?” माझ्यासमोर तेव्हा पेपरांचा गठ्ठा होता, म्हणून हं हं करून फोन ठेवला. आज सुट्टी आहे, पाऊस लागून राहिलाय आणि सकाळपासून लाईट नाही. तेव्हा सविस्तर लिहितो. वाचून झालं की सानिकालाही दे. फॉर्म ती भरणार आहे, तू नाही.

आधी नियम सांगतो. हे सगळं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेलं आहे. आपल्याकडे त्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा. स्वायत्त कॉलेजांनी त्याच वर्षी सुरुवात केली, बाकीची संलग्न कॉलेजं २०२४-२५ पासून त्यात आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे तासांवरून काढलेलं अभ्यासाचं माप. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस-खेळ असलं सगळं येतं, आणि १० ते १२ क्रेडिट ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे ज्यावरून तू तापलास त्या बाहेरच्या विषयांचे. ते पहिल्या दोन वर्षांत उरकायचे. अट एकच, पण पक्की : मेजर ज्या विद्याशाखेतला, तिच्या बाहेरचाच विषय घ्यायचा. म्हणजे सानिकाने गणित किंवा फिजिक्स मागितलं तरी मिळणार नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला सगळे मिळून ३० तास. विद्यापीठागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगाडा हाच.

आता तुझ्या रागाबद्दल. तुला आठवतं का, मनमोहनसिंगांचं ते बजेट आलं त्या वर्षी तू फिजिक्सचं प्रॅक्टिकल बुडवून आमच्या इकॉनॉमिक्सच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचास? रुपयाचं अवमूल्यन म्हणजे काय, सोनं गहाण का टाकलं, हे सरांना तूच जास्त विचारायचास. आमच्यापैकी कुणाला तेवढी उत्सुकता नव्हती. पुढे बँकेत गेलास, जन्म तिथेच काढलास. त्या तासांचा तुझ्या मार्कलिस्टवर मागमूस नाही. तेव्हा तू चोरून करायचास ते आता शासन निर्णयाने सक्तीचं केलंय, आणि तूच बोंब मारतोस!

कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, सगळ्या मुलांना समकालीन संस्कृतीचा एक समाईक अभ्यासक्रम लावला, तो अजून चालू आहे. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की फार लवकर एकाच विषयात शिरणारी मुलं अर्धवट शिकतात, त्यांना सामान्य शिक्षणाची जोड हवी. आयआयटीवाल्यांनी इंजिनिअरांना अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान असले पेपर लावलेच. आपण मात्र दहावीला इतिहास-भूगोल संपवला, की सायन्सच्या पोराने जन्मात पुन्हा त्याचं तोंड बघू नये अशी व्यवस्था करून ठेवली.

तरी शंका घ्यायला जागा आहे, आणि ती मी तुझ्याहून जास्त घेतो. मुंबई विद्यापीठात कित्येक वर्षं फाउंडेशन कोर्स होता. ‘एफसी’ म्हटलं की मुलं हसायची; परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचायचं नि सकाळी पानं भरायची. पर्यावरणाचं तेच. १९९१ मध्ये पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. हेतू किती चांगला! आणि आमच्या हातात काय येतं? मागच्या वर्षीच्या मुलाचा प्रोजेक्ट, कव्हर बदलून. एकदा तर आतल्या पानावर जुना रोल नंबर तसाच होता, आणि ‘वृक्षारोपण’च्या जागी दहाही पानांवर ‘वृक्षारोहण’.

कारण सांगू? असल्या पेपरात कुणाचं काही अडलेलं नसतं. मुलाला पास व्हायचं असतं, मास्तरला वर्कलोड हवा असतो. हे दुसरं बाहेर कुणी बोलत नाही, म्हणून तुला सांगतो. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं दाखवावं लागतं. मेजरला मुलं येत नाहीत असे विभाग तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बुडत्याला काडी. मग जूनमध्ये स्टाफरूममध्ये काय रंग चढतो विचारू नकोस. कुणाचा पेपर कुठल्या स्लॉटला, कुणाच्या बास्केटमध्ये, म्हणजे विषयांच्या गटात, किती मुलं, यावर पंधरा-पंधरा वर्षांचे स्नेही एकमेकांशी बोलायचे बंद होतात. आणि मुलं येऊन एकच विचारतात, “सर, स्कोअरिंग आहे ना?” यादीत वीस विषय छापलेले, प्रत्यक्षात माणूस उपलब्ध आहे तेच तीन चालतात, छोट्या कॉलेजात तर एकच. त्याला ‘निवड’ म्हणायचं.

पण मला खरी खंत वाटते ती अभ्यासक्रमाची. बहुतेक ठिकाणी झालं असं की आपल्या एफवायच्या पेपरचे पहिले दोन युनिट कापले आणि कॉमर्सच्या मुलांपुढे ठेवले. ‘व्याख्या, स्वरूप व व्याप्ती’, मग ‘महत्त्व’, मग ‘इतर शास्त्रांशी संबंध’. अरे, ज्याला पुढे तीन वर्षं भूगोल करायचाय त्याला व्याख्येपासून सुरुवात ठीक आहे, त्याच्या हातात वेळ आहे. जो मुलगा ३० तासांनंतर भूगोलाकडे ढुंकूनही बघणार नाही, त्याला व्याप्ती सांगून काय करू? त्याला एवढंच मिळायला हवं की भूगोलवाला माणूस जगाकडे बघतो म्हणजे नेमकं काय करतो. ते एकदा हाताने करून बघितलं, बास. पाहुण्यांसाठीचा अभ्यासक्रम वेगळाच बनवावा लागतो, आणि तो घरच्यांच्या अभ्यासक्रमापेक्षा अवघड असतो. आमच्या अभ्यास मंडळांना हे पटत नाही. त्यांना वाटतं बाहेरच्यांसाठी म्हणजे सोपं, नि सोपं म्हणजे थोडं.

माझ्याकडे भूगोलाच्या ओपनला गेल्या वर्षी बीकॉमची मुलं होती, वर्ग गच्च भरलेला. मी विभागाच्या कपाटातल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणारे तपशीलवार नकाशे, काढल्या. तुला आठवत असतील, एकास पन्नास हजार, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. गट पाडले आणि शक्यतो ज्याच्या त्याच्या तालुक्याचं शीट हातात दिलं. व्याख्या नाही, प्रस्तावना नाही. “आपलं गाव शोधा.” पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. मग एकेकाला सापडायला लागलं : देऊळ, शाळा, गावाबाहेरचा तलाव. लाल ठिपके म्हणजे घरं, पिवळं म्हणजे पिकाखालची जमीन, हिरवं म्हणजे झाडी. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, हे मी सांगायच्या आधी एका पोराने सांगितलं. त्याचे वडील दुधाचा टेंपो चालवतात आणि जवळचा रस्ता सोडून लांबून जातात. तो रस्ता त्याने बोटाने गिरवला आणि एका घाटापाशी थांबून म्हणाला, “इथं वीस-वीस मीटरच्या आठ रेषा ओलांडतोय सर, डिझेल कुठलं परवडणार?”

खरी मजा पुढे आली. माण तालुक्याकडच्या खेड्यातली एक मुलगी उठली. “सर, नकाशात चूक आहे. आमची नदी काळी दाखवलीय.” बाकीच्यांच्या शीटवर निळी पात्रं होती, हिच्या गावची नदी म्हणजे बारीक काळी रेघ. मी सांगितलं, बाराही महिने पाणी असेल तर निळी, पावसापुरतीच वाहत असेल तर काळी. तिला ते काही पटेना. “पण आता ऊरमोडी धरणाचं पाणी येतं की आमच्याकडं! चैतात पण असतं कधी कधी.” मग शीटच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाचं साल असतं ते बघितलं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. वर्ग एकदम पेटला. मग आज काढला तर निळा रंग द्यायचा का? कालव्याचं पाणी नदीचं म्हणायचं का? वर्षातनं दोनदाच सोडलं तर? आमच्या खटावात येतं तर ह्यांच्याकडं का नाही? हिशेब शिकणारी पोरं, त्यामुळे पाणीपट्टी आणि पंपाच्या विजेचं बिल कोण भरतं हेही निघालं. मला त्याचं उत्तर पुढच्या तासाला शोधून न्यावं लागलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि माझ्या नोकरीत असं फार वेळा झालेलं नाही.

परीक्षेत मात्र प्रश्न आला : ‘नकाशाचे प्रकार सांगा.’ असो.

आता सानिकाचं. तुझा कल मला माहीत आहे : ‘वैयक्तिक वित्त’ नाहीतर ‘शेअर बाजाराची ओळख’. हे दोन्ही पेपर बहुतेक याद्यांत असतात आणि मुलं त्यावर उड्या मारतात. वाईट नाहीत. पण घरात सकाळ-संध्याकाळ बँकवाला बाप जेवायला बसतो त्या मुलीने एसआयपी शिकायला कॉलेजचे ३० तास का घालवावेत? ते तू रविवारी दुपारी सांग. टॅली, डिजिटल मार्केटिंग असलं काही ओपनच्या नावाने दिलं असेल तर तेही नको. त्याला कौशल्याचे वेगळे क्रेडिट आहेतच, दुप्पट कशाला?

तिच्या यादीत मोडी लिपी असेल तर मात्र डोळे झाकून घ्यायला सांग. काही ठिकाणी इतिहास विभाग हा पेपर देतो. तू हसशील, पण ऐक. मोडीत आधी आख्खी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, विरामचिन्हं नाहीत. एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला हे अर्थावरूनच ठरवायचं. कॉम्प्युटरला हस्ताक्षर वाचायला शिकवणाऱ्या माणसापुढे याहून मोठं कोडं कुठलं? पुण्यात पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद पडून आहेत, वाचणारी माणसं मोजकी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध निघाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांची किती धावाधाव झाली ते पेपरात वाचलं असशीलच. आणि तुमच्या वाड्यावरच्या ट्रंकेत तुझ्या पणजोबांची खरेदीखतं आहेत, ती तू दर दिवाळीला काढून उन्हं दाखवून परत ठेवतोस. अजून एक ओळ तुला वाचता आलेली नाही.

मोडी नसेल तर अर्थशास्त्र किंवा तर्कशास्त्र बघावं. साहित्याचा पेपर असेल आणि त्यात एखादं पुस्तक मुळातून वाचायला लावत असतील तर तोही चालेल. ‘साहित्याची वाटचाल’ छाप असेल तर नको. विषयापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोण शिकवणार ते वरच्या वर्गातल्या मुलींना विचारायचं. ऑफिसात विचारून उपयोग नाही. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक पैसे मिळणाऱ्या, माणसाची नेमणूक व्हायची असेल तर ती होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि ३० तासांचे १२ होतात. हे त्या तासिकेवरच्या शिक्षकांचं दुखणं आहे, ते शिकवतात चांगलं, पण नेमणूक वेळेवर मिळत नाही. सिलॅबस विद्यापीठाच्या साईटवर असतो, तो उघडून पहिलं युनिट वाचायचं. ‘स्वरूप व व्याप्ती’ दिसलं की पुढच्या पेपरकडे.

यातलं काहीच कॉलेजात मिळत नसेल तर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साईटवर बघा. यूजीसीने ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणायची मुभा दिलेली आहे आणि तिथे शिकवणारे काही लोक खरंच उत्तम आहेत. पण आधी कॉलेजला लेखी विचारा की अमुक कोर्स ओपनमध्ये धरणार का. परीक्षा देऊन झाल्यावर ‘आमच्या बास्केटमध्ये नाही’ म्हणून परत पाठवलेली मुलं मी बघितली आहेत. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळालेले क्रेडिट जमा होतात ते, खातंही आत्ताच जोडून टाका, शेवटच्या आठवड्यात साईट हमखास झोपते.

बाकी इकडे ठीक. आईचा गुडघा पावसाने पुन्हा धरलाय. आमच्या चिरंजीवांना बारावीनंतर काय करायचंय ते त्यांनाच माहीत नाही, मी विचारायचं सोडलंय. तुझा रिटायरमेंटचा विचार खरा की नुसता वैताग, ते पुढच्या पत्रात लिही. आणि फोन नको, पत्रच लिही, तुझं अक्षर अजून वाचवतं.

सानिकाला म्हणावं, यादीचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मुदत संपायच्या निदान दोन दिवस आधी. खूण करून परत पाठवतो. तिला एखादा विषय आपसूक आवडलेला असेल तर तोही कळव म्हणावं, मग माझी खूण बाजूला ठेवली तरी हरकत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर