संरचनात्मक परीक्षणात भूकंपाचाही विचार हवा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या आठवणी छापून येतात आणि उत्तरेत कुठे मोठा धक्का बसला की ‘मुंबईला धोका किती’ अशी चौकट दिसते. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येते, एवढे सांगून ती चौकट संपते. जमिनीची चर्चा होते, पण माणसे ज्यांच्याखाली सापडतात त्या इमारतींची होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टाला रेटतो आहे. या टकरीचा मोठा भार हिमालय सोसतो, मात्र तिचा ताण भूपट्टाच्या पोटातही पोहोचतो आणि तेथील जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकू शकतात अशा भेगांवर, साचत राहतो. असा भ्रंश अचानक सरकला की भूकंप होतो. दख्खनचे पठार काळ्या कातळाचे म्हणून भक्कम, ही समजूत किल्लारीने खोटी ठरवली, कारण १९९३ पूर्वीच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. कोयनेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे शिवसागर जलाशयाचे पाणी खडकांच्या भेगांत उतरून आतला दाब वाढवते आणि मुळात ताणलेला भ्रंश सुटायला निमित्त मिळते. धरणाने भूकंप ‘घडवला’ असे म्हणण्यापेक्षा त्याने तो लवकर ओढवून आणला, असे म्हणणे अधिक बरोबर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या त्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या मुंबईची वीजही तोडली. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून, डहाणू-तलासरी भागात लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. तो परिसर मुंबईपासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

तरीही हानी किती होईल हे केवळ रिश्टरच्या आकड्यावर ठरत नाही. किल्लारीचा भूकंप सहाच्या थोडा वरचा, म्हणजे जागतिक हिशेबात मध्यमच होता. पण गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास, दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि माळवदाची जड माती माणसांवर कोसळली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे ते थर सुटून दोन्ही बाजूंना ढासळले.

मुंबईकरांनी खरे तर किल्लारीपेक्षा अहमदाबादचा अभ्यास करावा. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाचे केंद्र तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते, तरी शहरातल्या अनेक बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसे मेली. तो भूकंप ७.७ तीव्रतेचा होता आणि कोयनेहून कित्येक पट ऊर्जा त्यातून बाहेर पडली होती. त्यामुळे कोयनेला पुन्हा धक्का बसला तर मुंबईत अहमदाबाद घडेल, असे मी म्हणत नाही. मात्र पडलेल्या अनेक इमारतींत एक समान दोष होता आणि तो आपल्या गल्लोगल्ली आहे, तो म्हणजे पार्किंगसाठी मोकळा सोडलेला तळमजला. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती ताठ ठेवतात, खाली फक्त खांब असतात, आणि जमीन आडवी हलली की सारे वाकणे त्या खांबांच्या वाट्याला येते. त्यात शहराचा बराच भाग भराव टाकून किंवा खाडीच्या चिखलावर उभा आहे. मऊ माती हादरे वाढवते, हे १९८५ मध्ये मेक्सिको सिटीने दाखवून दिले. तेथे भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे होते आणि तरी जुन्या तळ्याच्या गाळावरचे मध्यम उंचीच्या इमारतींचे मजले घडी होऊन बसले.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) बंधनकारक असल्याने आम्हीही ते करून घेतले. जाडजूड अहवालात काँक्रीट तपासणाऱ्या हॅमर टेस्ट, अल्ट्रासॉनिक आणि कोअर या चाचण्या, गळती, गंजलेल्या सळया असे सगळे होते. इमारत आडव्या हादऱ्यात टिकेल का, यावर मात्र एक ओळही नव्हती. दुरुस्तीसाठी पार्किंगमधल्या खांबाचा गिलावा आणि सैल काँक्रीट काढले, तेव्हा उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या रिंगा वीतभर अंतरावर दिसल्या आणि त्यांची टोके काटकोनातच वळवलेली होती. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठीच्या आयएस १३९२० या भारतीय मानकाप्रमाणे तुळईच्या सांध्याजवळ त्या चार इंचांच्या आत हव्यात आणि टोके १३५ अंशांत वळून खांबाच्या गाभ्यात रुतलेली हवीत. काँक्रीट फुटल्यावर उभ्या सळयांना बाहेर फुगू न देता धरून ठेवण्याचे काम या रिंगाच करतात. हे मानक १९९३ चे आहे, त्यामुळे त्याआधीच्या बांधकाम करणाऱ्यांना दोष देता येत नाही. आज परीक्षण करणाऱ्यांनी मात्र हे पाहायलाच हवे.

म्हणून महापालिकेने परीक्षणाच्या नमुन्यात काही नोंदी सक्तीच्या कराव्यात. तळमजला मोकळा आहे का, खांबांतील रिंगा कशा आहेत, खालची जमीन भरावाची आहे का, आणि दुकानासाठी किंवा सदनिका मोठी करण्यासाठी खांब-भिंतींना हात लागला आहे का, या त्या नोंदी. शेवटची नोंद तर भूकंपाची वाट न पाहताही लागते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला अशाच फेरफारांनंतर इमारत कोसळून १७ जण दगावले, आणि तेव्हा जमीन हलली नव्हती. दंड भरून बेकायदा बांधकाम नियमित करण्याच्या योजनांनाही हाच निकष लावावा. तुर्कस्तानने २०१८ मध्ये शुल्क घेऊन अशी बांधकामे पदरात घेतली होती, आणि फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर त्यावरून तेथे संताप उसळला.

यावर उपाय आहेत आणि ते अशक्यप्राय महागही नाहीत. खांबांना जॅकेट, म्हणजे बाहेरून मजबुतीचे नवे आवरण, करता येते, आणि मोकळ्या तळमजल्यावर काही खांबांच्या मधे काँक्रीटची भिंत किंवा पोलादी तिरके आधार देता येतात. त्यात चार गाड्यांच्या जागा जातील आणि सर्वसाधारण सभेत भूकंपाहून मोठा हादरा बसेल, हे मी अनुभवाने सांगतो. पण परांची बांधलेली आणि गिलावा काढलेला असताना हे काम त्याच दुरुस्तीत उरकले, तर तोडफोडीचा खर्च दोनदा येत नाही. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, या आशेवर दहा-पंधरा वर्षे काढणाऱ्या सोसायट्यांना अशा कामासाठी मालमत्ता करात सवलत दिली, तर बऱ्याच जणी पुढे येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
विलेपार्ले (पूर्व), मुंबई