आधी डोळा, मग तोरणमाळ

पुणे,
कोजागरी

ती. आई आणि आप्पा यांस शि. सा. नमस्कार.

फोनवर आईच्या मोतीबिंदूचा विषय काढला की आप्पा "बघू" म्हणतात आणि आई वांग्यांच्या भावावर येते, म्हणून लिहून पाठवतेय. दोघं एकत्र बसून वाचा. आईला अक्षरं पुसट दिसत असतील तर आप्पा, तुम्ही मोठ्याने वाचा, आणि मधली वाक्यं गाळू नका.

आईच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. तुळशीचं लग्न झालं की लगेच येणाऱ्या सोमवारी. दत्तजयंतीचा सारंगखेड्याच्या जत्रेतला मुक्काम यंदा नाही. सातपुड्यात तोरणमाळला तंबूतला मुक्काम आहे, नक्की आहे, पण जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तुम्हाला न विचारता ठरवलं याचा राग येईल, येऊ दे. पण जत्रा, तोरणमाळ, मग महाशिवरात्र असं करत मोतीबिंदू पुढे ढकलला तर उन्हाळाच उजाडतो. पिकत गेलेला मोतीबिंदू काढायला जास्त किचकट होतो, हे डॉक्टरांनी आईला माझ्यासमोर सांगितलं आहे.

आणि खरं कारण वेगळंच आहे. आप्पांच्या इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा आई वाचते. सकाळी 18 युनिट, संध्याकाळी 12. घरात ट्यूबलाइट असते, चुकलं तर शेजारी सोनारकाकू आहेत. तंबूत कंदिलाच्या उजेडात 12 चा 22 वाचला गेला तर डोंगरावर मध्यरात्री आप्पांची साखर खाली येणार. आई, मला ताप आला की तू औषधाचा चमचा दिव्यासमोर धरून रेघेपर्यंत भरायचीस, एक थेंब इकडे-तिकडे नाही. तोच डोळा मला आप्पांच्या पेनावर हवा आहे. तो स्वच्छ झाला की तुम्ही कुठेही राहा, मी अडवणार नाही.

दत्तजयंतीला का नको तेही सांगते. तेव्हा ऑपरेशनला जेमतेम चौथा आठवडा लागेल. थेंब चालूच असतील, आणि जत्रेत घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ, चुलींचा धूर, गर्दीतले कोपरे, सगळं नेमकं डोळ्याला बाधणारं. पहिल्या तपासण्या साधारण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असतात. चष्म्याचा नंबर पक्का व्हायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे जानेवारीच्या पंधरापर्यंत आई नव्या चष्म्यासह मोकळी. आणि महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी व्हायच्या आत तोरणमाळ शांत मिळेल. यशवंत तलावाच्या काठाला तेव्हा तुम्ही दोघंच असाल.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे, आई: डोक्यावरून अंघोळ नाही, वाकून झाडणं नाही, पाण्याची कळशी उचलणं नाही, उजव्या कुशीवर झोपणं नाही. चूल पेटवायची नाही. भाकरी आप्पा आणतील किंवा काकू देतील, लाजू नकोस. दोन वेगवेगळे थेंब घालायचे असतील तेव्हा मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन बाहेर काढतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा दुखायला लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं किंवा चमकल्यासारखं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी जळगावला जायचं.

आता आप्पा, तुमची पाळी.

तुमच्या तपासण्या आणि फिरणं यांची गाठ मी अशी घातली आहे की दर तीन महिन्यांनी एकदाच जळगावचा फेरा व्हावा. हार्टच्या डॉक्टरांची वेळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याच्या आठ दिवस आधी चोपड्यातच रक्त द्यायचं, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) दोन्ही, म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसाल. रिपोर्टशिवाय गेलात तर ते "करून या" म्हणतात आणि आणखी एक दिवस जातो. ज्या दिवशी जळगावला उपाशी पोटी साखरही बघायची आणि डोळ्याचा पडदाही, त्या दिवशी क्रम पाळायचा. आधी रक्त, मग नाश्ता, नाश्त्यानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त, मग साखरेचे डॉक्टर, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास धूसर दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात. त्या दिवशी गाडी तुम्ही चालवायची नाही. मामाच्या मुलाला सांगून ठेवलंय, तो येतो म्हणाला. त्याला नको म्हणू नका.

तोरणमाळहून परत यायचा दिवस आणि कुठल्याही डॉक्टरांची वेळ यांच्यात किमान तीन दिवस मोकळे ठेवा. गाडी बिघडते, घाटात दरड असते, आईचा गुडघा धरतो. वेळ हुकू नये म्हणून घाईने उतरणं मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं.

इन्सुलिनचं नीट समजून घ्या, कारण मागच्या वेळी बर्फाचा डबा नेण्यावरून तुमचं दोघांचं वाजलं होतं. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. चालू पेन मात्र 30 अंशांच्या आत बाहेर साधारण चार आठवडे टिकतं. उघडल्याची तारीख त्यावर पट्टी चिकटवून लिहा, आणि तुमच्या ब्रँडची मुदत खोक्यावर बघून घ्या. जानेवारीत चार रात्रींसाठी बर्फ लागतच नाही. उलट बर्फाला टेकलेलं पेन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. चालू पेन आप्पांच्या बंडीच्या आतल्या खिशात, जास्तीचं आईच्या पर्समध्ये. दोन्ही एका पिशवीत नकोत. डॅशबोर्डवर नको, डिकीतही नको. मार्चनंतर कुठे निघालात तर गोष्ट वेगळी, आपल्याकडे 45 अंशांत बंद गाडी तव्यासारखी तापते. तेव्हा मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, ती दिवसातून दोनदा भिजवायची, आणि तोंडावर ओलं फडकं. खानदेशच्या कोरड्या हवेत ते छान थंड राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

तुमचं इन्सुलिन दुधाळ आहे. दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा लाटायचं, दहा वेळा खाली-वर करायचं, सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं पाहिजे. हलवल्यावरही गुठळी राहिली किंवा काचेला पांढरं चिकटलेलं दिसलं तर ते पेन बाद. सुई लावली की आधी 2 युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, मग डोस लावा, टोचल्यावर बटण दाबून धरून दहापर्यंत मोजा आणि मग सुई काढा. सुई पेनला तशीच लावून ठेवू नका. गार-गरम हवेत औषध ठिबकतं, आत बुडबुडा शिरतो आणि पुढचा डोस कमी पडतो. घाट चढताना हे हमखास होतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत, घरी परत. तिथे पोरं अनवाणी फिरतात, गुरंही चरतात.

जेवणाचं: घरी तुम्ही पेन घेता आणि अर्ध्या तासाने ताट येतं. तिथे गोवऱ्यांवर बट्ट्या लावल्या की कधी होतील ते सांगता येत नाही. म्हणून बट्ट्या भाजून निघाल्या, वरणाला फोडणी पडली, मग पेन. त्याआधी नाही. भरीत खा, पण पुरीशी नको, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी खा. आई, मेथीची दशमी जास्त कर, प्रवासात टिकते.

आप्पांची साखर उतरली हे ओळखायला आई, तुलाच शिकायचं आहे. ते हार्टसाठी मेटोप्रोलॉल घेतात. त्या गोळीमुळे धडधड आणि हाताची थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. थंडीत मानेमागे सदरा ओला लागला, बोलणं चिडचिडं किंवा अडखळतं झालं, तर वाद न घालता बोट टोचून बघ. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ, अजून कमीच असेल तर पुन्हा दे. वर आली की अर्धी भाकरी. पेढा नको, खव्याच्या चरबीने साखर उशिरा चढते. शुद्धीत नसतील, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. पहाटेच्या गारठ्यात मशीन एरर दाखवतं, ते पांघरुणात गरम करून घे. पट्ट्यांची डबी लगेच बंद कर, ओल लागली की आकडे चुकतात.

आणि उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. जाता-येता थांबणार हे मला माहीत आहे. आईने गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसायला हरकत नाही. आप्पा, तुम्ही पाय घालायचे नाहीत. तुमच्या तळव्यांना आता गरम-गार नीट कळत नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर समजेल, आणि साखरेच्या पायावरचा फोड महिनोन्‌महिने भरत नाही. रात्री गरम पाण्याची पिशवीही तळव्यांना नको, मोजे घाला. अनवाणी एक पाऊलही नाही, तंबूतसुद्धा. बूट घालण्याआधी उलटे करून झटका, सातपुड्यात विंचू असतात. रोज रात्री आईने टॉर्चच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. आप्पा, हे करून घेताना पाय मागे घेऊ नका.

हिरवा तंबू माळ्यावर ठेवायचा. टाकायचा नाही, मला हवा आहे. पण त्यात वाकून शिरावं लागतं आणि जमिनीवरून उठताना आईच्या गुडघ्यांचं जे होतं ते तिने लपवलं तरी मला दिसतं. उभं राहता येईल असा साडेसहा फुटी तंबू आणि दोन फोल्डिंग खाटा पार्सलने निघाल्या आहेत. खाटेची उंची 18 इंच आहे, गुडघ्याइतकी, त्यामुळे हाताने रेटा न देता उठता येतं. फोल्डिंगची कमोड-खुर्चीही आहे. आप्पा, तिच्यावरून काही बोलू नका, रात्री दोन वाजता अंधारात दगडांवरून चालण्यापेक्षा ती बरी. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, एकदम उभं राहिलं की प्रेशर पडतं. तंबूच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, मेखांजवळही. कोळशाची शेगडी कितीही थंडी पडली तरी तंबूत किंवा गाडीत घ्यायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. रजई जास्तीची न्या. पाल गावच्या मुक्कामात जे झालं ते तिघांनाही आठवतंय, त्यावर मी बोलत नाही.

प्रवासात लघवीला थांबावं लागतं म्हणून आप्पांनी लघवीची गोळी बंद करायची नाही. ती दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना जानेवारीच्या भेटीत विचारा. स्टेंटला वर्ष व्हायचं आहे, तेव्हा रक्त पातळ करण्याच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. आईच्या डब्यातली दुखण्यावरची डायक्लोफेनॅक आप्पांनी घ्यायची नाही, किडनी, प्रेशर आणि पोट तिन्हींना मारक. छातीत दुखलं तर आधी खाली बसा, मगच जिभेखालची गोळी, कारण तिने चक्कर येते. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108. स्वतः गाडी काढायची नाही.

गोळ्या चार रात्रींच्या असतील तर सात दिवसांच्या न्या, दोन पिशव्यांत अर्ध्या-अर्ध्या. एका प्लास्टिकच्या पाकिटात मी दोघांचा एकेक कागद करून पाठवतेय: गोळ्यांची मूळ नावं, डोस, स्टेंटची तारीख, रक्तगट, माझा नंबर. आप्पांच्या शेवटच्या ईसीजीची झेरॉक्सही त्यात आहे, नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता आला तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. चोपड्याहून शिरपूर, शहादा असं जा. दर दीड तासाला उतरून दहा मिनिटं चाला. काही राहिलं असेल तर शहाद्यातच घ्या, तिथून वर पन्नासेक किलोमीटर घाट-जंगल आहे आणि फोनला रेंज येते-जाते. निघताना शहाद्याहून फोन, आणि रोज संध्याकाळी रेंज मिळेल त्या जागी जाऊन एक मेसेज. नुसतं "साखर 140, जेवलो" एवढं पुरे.

आप्पा, तुमचं फिरणं बंद करायचं माझ्या मनात नाही. तुम्हा दोघांना चार भिंतींत बसवून मला काय मिळणार आहे? सातपुड्यात गेलात की तुमचा आवाज फोनवर वेगळा लागतो, आईचाही. तो मला पुढची खूप वर्षं ऐकायचा आहे, म्हणून एवढं लिहिलं.

सोमवारच्या ऑपरेशनला मी आदल्या रात्रीच येतेय. सकाळचा पहिला नंबर आहे.

तुमची,
ताई

ता. क. आई, ऑपरेशनच्या दिवशी प्रेशरची गोळी नेहमीसारखी घ्यायची का, हे तू डोळ्यांच्या दवाखान्यात शुक्रवारीच फोन करून विचार. आणि नथ, कानातलं, केसांतल्या पिना घरीच काढून ठेव.