साहेब, दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. गेल्या मे महिन्यात त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "दोन मिनिटं थांबा." मुलाने मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली. १२० सेकंद झाले तसा उठला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "दोन मिनिटं झाली." असं तीनदा. चौथ्या वेळी आतून आवाज आला, "काऊन बे, लय घाई हाय का तुले?"

उद्धटपणा नव्हता हो तो. 'दोन मिनिटं' म्हणजे 'बसा, बघू' हे आपण सगळे न शिकवता शिकतो. तो नाही शिकला.

व्हरांड्यात एक ट्यूबलाइट फडफडत होती. कूलरचा पंखा जाळीला घासत होता, फिनाइलचा भपकारा येत होता आणि लोखंडी बाकावर माणसं खेटून बसलेली. आपल्याला कूलरची घरघर दहा मिनिटांत ऐकू येईनाशी होते. त्याला येतच राहते, पहिल्या क्षणाइतकीच मोठी. तासाभराने तो कान दाबून डोलू लागला, मग स्वतःच्याच मनगटाला चावला. रक्षक म्हणाला, "दिसतो तर चांगला. नाटक काऊन करते?"

आत काय विचारलं ते ऐका. स्वमग्नता मोजायला आपल्याकडे 'इसा' ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातला एक अख्खा भाग ज्ञानेंद्रियांचा आहे. आवाज, स्पर्श फार जाणवतात का? वेदना कळतच नाही, असं होतं का? प्रश्न बरोबरच आहेत. पण त्यांची उत्तरं बाहेरच्या बाकावर दीड तास डोलत होती, ती कोणी पाहिली नाहीत.

न जाणवण्याचीही एक बाजू असते, तिची मला जास्त भीती वाटते. नागपूर ४५ अंशांवर गेलं तरी हा जाड जीनचं जॅकेट काढत नाही, त्याचा अंगावरचा दाब त्याला बरा वाटतो. तहान लागल्याचं त्याला समजत नाही. मोबाइलचा गजर वाजला की पाणी पितो. त्या दिवशी मोबाइल बाहेर ठेवायला लावला होता.

हे वयाबरोबर जात नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी एक चुलत सासरे होते. पंगतीत कधी बसले नाहीत. भाताला भाजी लागलेली चालत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची गाजावाजाची मिरवणूक दारावरून जायची म्हणून आदल्या संध्याकाळीच शेतावर निघून जायचे. घरात त्यांचं नाव 'तऱ्हेवाईक'. त्यांचं निदान कोणी केलं नाही, आता मीही करणार नाही. पण मुलाकडे बघताना ते आठवतात.

मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' १८ व्या वर्षी संपतो. मुलगा १८ चा झाला, त्याचे कान तेच राहिले.

नवा कायदा मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहेच. त्या कायद्यामुळे रॅम्प झाले, चांगलं झालं. आमचा मुलगा रॅम्पवरून धावत वर जातो, अडतो तो वर पोचल्यावर. म्हणून मागणं साधं आहे: प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी रांगेऐवजी ठरलेली वेळ द्या, ती पाळा, आणि जिल्ह्यात एक तरी शांत खोली ठेवा. ट्यूबलाइट बदला. खिडकीवर बसणाऱ्यांना सांगा की डोळ्याला डोळा न देणारा माणूस काही लपवत नसतो. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही पुरेल. आणि ज्यांना घराबाहेर पडणंच झेपत नाही, त्यांच्याकडे डॉक्टरांनी जावं.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण इथे असाल. वर्धा रोडवरून ताफे निघाले की सायरनसाठी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि तो हेडफोन घालतो. आमच्याकडे या. मात्र सायरन बंद ठेवून या आणि वेळ आधी कळवा. अकरा म्हणालात तर अकरालाच या. ११ वाजून ५ मिनिटांनी तो दार उघडणार नाही, आणि मी त्याला उघड म्हणणार नाही.

आपली,
एक आई, नागपूर