समुद्रपातळीचा आकडा एकटा छापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शतकाअखेर समुद्राची पातळी अमुक सेंटिमीटरने वाढणार, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत बहुधा एकच आकडा असतो आणि पुढच्या बातमीत तो बदललेला दिसला, की शास्त्रज्ञांचेच एकमत नाही असे म्हणून वाचक विषय सोडून देतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याला एकटा छापलेला आकडा मोठ्या प्रमाणावर कारणीभूत आहे, असे मला वाटते.

हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार, १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत होणारी संभाव्य वाढ हरितगृह वायूंचे उत्सर्जन लवकर आटोक्यात आल्यास ३२ ते ६२ सेंटिमीटर, तर ते अत्युच्च राहिल्यास ६३ सेंटिमीटर ते सुमारे एक मीटर आहे. मात्र हिमस्तरांच्या, म्हणजे जमिनीवरील बर्फाच्या अफाट थरांच्या, वर्तनाविषयीची अनिश्चितता लक्षात घेता, अत्युच्च उत्सर्जन राहिल्यास दोन मीटरच्या जवळपास जाणारी वाढही नाकारता येत नाही, असे तोच अहवाल सांगतो. बातम्यांतून नेमके हे वाक्य गळते.

तापलेले पाणी किती प्रसरण पावेल याचे गणित बऱ्यापैकी पक्के आहे. अडचण पश्चिम अंटार्क्टिकाची आहे. तेथील थ्वेट्स हिमनदीचा तळ समुद्रपातळीच्या खूप खाली असून तो खंडाच्या आतल्या बाजूला आणखी खोल होत जातो. त्यामुळे खालून शिरणाऱ्या उबदार पाण्याने बर्फाची कड मागे सरकू लागली, की अधिकाधिक जाड बर्फ समुद्राला भिडतो आणि माघारीचा वेग आपोआप वाढू शकतो. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी फारशी वाढत नाही, पण तो मागच्या हिमनद्यांना थोपवून धरत असतो. असाच अंटार्क्टिकातील ‘लार्सन बी’ हा तरंगता बर्फाचा थर २००२ मध्ये काही आठवड्यांत कोसळला आणि त्याच्यामागच्या हिमनद्या वेगाने वाहू लागल्या. उंच हिमकडे स्वतःच्या वजनाने ढासळत जातील, अशीही मांडणी झाली आहे; तिच्याबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे. एकटी थ्वेट्स पूर्ण गेली तर जगाची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. मात्र त्याला किती दशके वा शतके लागतील, हेच आज ठामपणे सांगता येत नाही.

म्हणजे ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही. वाढ अंदाजापेक्षा थोडी कमी होऊ शकते, पण जास्त व्हायची झाली तर ती खूपच जास्त होऊ शकते. २००७ च्या अहवालातील १८ ते ५९ सेंटिमीटर या आकड्यांत हिमप्रवाहातील वेगवान बदल पुरेशा माहितीअभावी धरलेच नव्हते, आणि तसे त्यात स्पष्ट लिहिलेही होते. नंतरचे आकडे वाढले, त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्याला शास्त्रज्ञांची धरसोड म्हणणे अन्यायाचे आहे.

सोलापूरकराला समुद्राचे काय, असे कोणी विचारील. आमच्या टॉवेल-चादरींची निर्यात बंदरांवरच अवलंबून आहे आणि इथली कितीतरी मुले पोटापाण्यासाठी मुंबईत राहतात. शिवाय अशा अनिश्चिततेत बांधकाम कसे करायचे, हे उजनीच्या काठावर राहणाऱ्यांना नवे नाही: मोठ्या धरणाचा सांडवा सरासरी पावसाळ्यावर बेतत नाहीत, तो क्वचित येणाऱ्या महापुरावर बेततात. शंभर वर्षे टिकावे म्हणून बांधल्या जाणाऱ्या किनारी रस्त्यांना, धक्क्यांना आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांना हाच नियम लावायला हवा. तेथे मधला आकडा धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून आपणांस विनंती, की यापुढे अशी बातमी छापताना अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा, तो कोणत्या उत्सर्जनासाठी आहे आणि हिमस्तर वेगाने ढासळण्याची शक्यता त्यात धरली आहे की नाही, एवढे तरी सोबत द्यावे. किनाऱ्यावरील नव्या प्रकल्पांचे आराखडे कोणती पातळी धरून केले आहेत, हा प्रश्नही आपल्या वार्ताहरांनी संबंधित खात्यांना विचारावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर