सही करणाऱ्याला आधी शिकवा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वायुदलात विमानांच्या देखभालीत मी वीस वर्षं काढली. आता नाशिकच्या अंबड एमआयडीसीत विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस आहे. गेल्या पावसाळ्यात एका ब्रॅकेटचं भोक ड्रॉइंगपेक्षा केसभर मोठं झालं. रात्रपाळीच्या पोरानं पिन घालून पाहिली, "काका, बसतंय की!" म्हणाला आणि तपासणीच्या कागदावर सही केली. पोरगा कामचुकार नाही, हुशार आहे. पण मापाबाहेर गेलेला भाग चालेल की नाही, हे ठरवणं आपल्या हातात नसतं, त्यासाठी कन्सेशन, म्हणजे मापाबाहेरचा भाग वापरायची लेखी परवानगी, मागायचं असतं आणि डिझाइनवाल्यांनी हिशेब करून 'हो' म्हणायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पिन सैल बसली तर ती उड्डाणागणिक हलते, भोकाच्या कडेला बारीक तडा जातो आणि तो गुपचूप वाढत राहतो. ब्रॅकेट मी बाद मालाच्या लाल पेटीत टाकला. झोप मात्र त्या रात्री लागली नाही.

महोदय, ब्रिटनच्या वायुदलाचं निमरॉड एक्सव्ही230 हे टेहळणी विमान 2 सप्टेंबर 2006 रोजी अफगाणिस्तानात कंदहारजवळ कोसळलं. हवेतल्या हवेत इंधन भरून झालं आणि थोड्याच वेळात आग लागली. 14 जण गेले. सांडलेलं इंधन गरम हवेच्या नळीपर्यंत पोचलं होतं. चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला, तो मी वाचला आणि नळीपेक्षा कागदांनीच जास्त हादरलो. अपघाताच्या आधी त्या विमानातले सगळे धोके हुडकायचं काम रीतसर झालं होतं. त्यात 40 टक्क्यांहून जास्त धोक्यांची नोंद अर्धवट, 'खुली' सोडलेली होती. विमान 1969 पासून उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार, असं धरूनच सगळे चालले होते. कागद पुरे करणारे होते, प्रश्न विचारणारा कुणी नव्हता.

त्यानंतर ब्रिटननं 2010 मध्ये लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक संस्था उभी केली. उड्डाणातल्या जिवाच्या जोखमीला नावानिशी अधिकारी जबाबदार धरले जाऊ लागले. क्रॅनफिल्ड विद्यापीठात तर लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता, म्हणजे विमान सुरक्षित उडण्याच्या लायक आहे की नाही हे पाहणं, हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे.

आपल्याकडेही पाया आहे. लष्करी विमानांच्या डिझाइनला मान्यता देणारं बंगळुरूचं सेमिलॅक आहे, बनवलेल्या मालाचा दर्जा तपासणारं डीजीएक्यूए आहे, उड्डाणयोग्यतेची आयएमटार-21 ही नियमावली आहे. जलाहळ्ळीच्या तांत्रिक महाविद्यालयात वायुदलाचे तांत्रिक अधिकारी घडतात. पण काम आता फार पसरलंय. ओझरला सुखोई बनलं, तिथंच 2025 मध्ये तेजसची नवी लाइन सुरू झाली. वडोदऱ्याला सी-295 हे वाहतुकीचं विमान खाजगी कारखान्यात बनणार आहे. त्यामागे आमच्यासारखे लहान कारखाने आहेत, आणि उड्डाणयोग्यतेची साखळी आमच्या लेथपासून सुरू होते. तिथल्या मुलाला इंग्रजी नियमावलीचं पीडीएफ पाठवलं की झालं, असं समजू नका.

माझं मागणं एवढंच. लष्करी विमानाच्या भागावर, दुरुस्तीवर किंवा धोक्याच्या नोंदीवर ज्याची सही लागते, त्यानं आधी त्या जबाबदारीचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिलेली असावी. पद आणि वय कितीही असो. अधिकाऱ्यांसाठी तो पुण्याजवळ गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेत चालवता येईल, कारागिरांसाठी आयटीआयमध्ये, आणि तो मराठीतून, ज्याच्या त्याच्या भाषेतून असावा. त्यात आपल्याच अपघातांच्या चौकशीतले निष्कर्ष, गोपनीय भाग वगळून, शिकवावेत. आपण चूक केली तर काय घडतं, हे मुलांना आपल्याच विमानांवरून कळू दे. आणि 'थांबा, हे बरोबर नाही' म्हणणाऱ्यावर डिलिव्हरीच्या तारखेचं दडपण येणार नाही, असा लेखी आदेश निघावा. हा शेवटचा मुद्दा मी अनुभवानं लिहितोय. महिनाअखेरीला तो शब्द तोंडातून निघता निघत नाही.

त्या पोराला मी आता रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवतो. परवा त्यानं स्वतःहून एक भाग अडवला आणि कन्सेशनचा अर्ज कसा भरायचा, विचारायला आला.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, नाशिक